सुवाच्य अक्षरात लिहावे

रॅगिंगविरोधी समितीची बैठक वर्षातून एकदा होई, आणि ती झाली हे कळावं म्हणून तिचा फोटो काढला जाई. फोटो आधी काढत, बैठक नंतर. म्हणजे ज्यांना घाई असेल त्यांना फोटोपुरतं थांबून निघता येई. यंदा मात्र विद्यापीठाचं तपासणी पथक येणार होतं, आणि त्यांच्या यादीत सातव्या क्रमांकावर ‘प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची निनावी पाहणी’ असं लिहिलेलं होतं. नुसत्या फोटोवर भागणार नव्हतं.

समितीचे अध्यक्ष म्हणजे खुद्द प्राचार्य. त्यांना अख्खं आर्किटेक्चर कॉलेज पाठीमागे ‘कंपास’ म्हणायचं. लांब टांगा, वर बारीकसं डोकं, आणि एक पाय कायम स्वतःच्या खुर्चीत रोवलेला. उरलेला माणूस त्या पायाभोवती गरगर फिरून जिथून निघाला तिथेच येऊन थांबायचा. पाहणीचा फॉर्म त्यांनी जातीने तयार केला होता. सगळ्यात वर ठळक अक्षरात होतं, ‘नाव लिहू नये.’ सगळ्यात खाली, तितक्याच ठळक अक्षरात, ‘सर्व उत्तरे स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहावीत. टाइप केलेले फॉर्म स्वीकारले जाणार नाहीत.’

“टाइप का नको म्हणायचं, सर?” पालक प्रतिनिधींनी विचारलं. त्यांचं फरश्यांचं दुकान होतं, आणि कॉलेजच्या तिन्ही मजल्यांवर त्यांच्याच फरश्या होत्या.

“टाइप केलं की एकमेकांचं छापतात हो. हाताने लिहिलं की माणूस मनातलं लिहितो.”

“वा,” पालक प्रतिनिधी म्हणाले. बैठकीत त्यांना याहून मोठं वाक्य बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. आज तर आधीच एक प्रश्न विचारून झाला होता.

समितीच्या सचिव होत्या लेटरिंगच्या मॅडम. त्यांना सचिव केलं होतं कारण त्या कंत्राटी होत्या, आणि कंत्राटी माणूस ‘नाही’ म्हणत नाही हे कंपास सरांना फार पूर्वीच कळलं होतं. त्या फॉर्ममध्ये काय घोटाळा आहे ते खरं तर तिथल्या तिथे लक्षात यायला हवं होतं ते त्यांच्याच. पण त्या वेळी त्यांचा अर्धा जीव टेबलाखालच्या फोनमध्ये होता. पाळणाघरातल्या काकूंचा निरोप आला होता, ‘थोडं अंग गरम आहे. खेळतेय. काळजी नको.’ अडीच वर्षांच्या लेकीबद्दल कुणी ‘काळजी नको’ म्हटलं की मॅडमना हमखास काळजी वाटायची. काळजी नसेल तर हे सांगायचं कशाला? त्या ‘ताप किती? मोजला का?’ असं टाइप करत होत्या, आणि वर फॉर्म मंजूर झाला.

घोटाळा असा होता. या कॉलेजात पहिल्या वर्षाची पोरं पहिले आठ आठवडे दुसरं काहीही शिकण्याआधी अक्षर शिकत. नकाशावर जे लिहायचं ते ज्याने त्याने हाताने लिहायचं, अशी इथली जुनी शिस्त. एकेका अक्षराला रेघा आखून, पुसून, पुन्हा काढून, आठ आठवड्यांत प्रत्येकाचा हात घडायचा, आणि घडला की जन्मभर बदलायचा नाही. ते शिकवायच्या याच मॅडम. वीस पोरं एकदम खोकली तरी त्यातला आपल्या लेकीचा खोकला त्यांना ओळखू यायचा, तशी त्यांना एकेचाळीस पोरांची अक्षरं ओळखू यायची. आणि एकट्या त्यांनाच नव्हे. वरच्या वर्गातल्या मुलांनाही यायची, कारण रोज संध्याकाळी ही अक्षरं त्यांच्याच डोळ्यांसमोर असायची. का, ते पुढे येईलच. अशा ठिकाणी निनावी फॉर्म हाताने लिहून घ्यायचा म्हणजे तोंडाला रुमाल बांधून आपलं नाव-गाव मोठ्याने सांगायला लावायचं.

हे मॅडमना सुचलं नाही. उलट सोमवारी सकाळी स्टुडिओत फॉर्म वाटताना त्या म्हणाल्या, “नाव नाही, नंबर नाही. खरं तेच लिहा. कुणालाही कळणार नाही. मी सांगतेय ना.”

हे ‘मी सांगतेय ना’ त्यांना नंतर फार टोचलं.

*

दुपारी स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून त्यांनी फॉर्म वाचायला घेतले. पहिला, नाही. दुसरा, नाही. तिसऱ्यावर ‘नाही. येथे कुटुंबासारखे वातावरण आहे.’ चौथ्यावरही तेच. पाचव्यावर तेच. अठरा फॉर्मांवर तेच वाक्य, पूर्णविरामासकट. दादा-तायांनी रविवारी पाठ करून घेतलं असणार. एकमेकांचं छापू नये म्हणून हाताने लिहून घेतलं होतं म्हणे.

‘कुटुंब’ हा शब्द या कॉलेजात फार खपायचा. पहिल्या वर्षाच्या पोराने वरच्याला दादा, वरचीला ताई म्हणायचं. नुसत्या नावाने हाक मारली की झालं कल्याण. सगळ्यात वरच्या वर्गात, पाचव्या वर्षाला, एक ‘मोठी ताई’ होती. विद्यार्थी प्रतिनिधी, समितीची सदस्य, कंपास सरांच्या गळ्यातला ताईत. समितीच्या फोटोत ती दरवर्षी मधोमध असायची, आणि हसायचीही छान. तिच्यासमोर पहिल्या वर्षाची पोरं कशी उभी राहतात ते फोटोत येत नसे.

तेविसावा फॉर्म हातात आला आणि मॅडमनी तो वाचण्याआधीच ओळखला. एक मुलगी सगळा शब्द आधी लिहायची आणि मग शिरोरेषा एका झटक्यात मारायची. ती रेघ शब्द संपला तरी थांबायची नाही, थोडी पुढे जायची, मोठ्या बहिणीच्या सदऱ्याची बाही हातापुढे लोंबावी तशी. आठ आठवडे मॅडमनी ती बाही खुडायचा प्रयत्न केला होता. खिडकीजवळ बसणारी ती मुलगी. कमी बोलणारी.

फॉर्मवर लिहिलं होतं:

‘हो. आम्हाला वाटून दिलं जातं. एका ताईला किंवा दादाला दोन जण. आम्हाला हात म्हणतात. हाक मारतानाही “ए हात” असंच. कॉलेज सुटलं की त्यांची मॉडेलं आणि शीट्स आम्ही करतो, रोज पाच-सहा तास. विचारल्याशिवाय जेवायला जायचं नाही. तुकडा चुकीचा कापला तर ड्रॉइंग बोर्ड डोक्यावर धरून उभं राहायचं, बोर्डावर पाण्याने भरलेला पेला. पाणी सांडलं की वेळ पुन्हा पहिल्यापासून. कटर लागला तर म्हणतात, मॉडेलवर रक्त नको. बाहेर कुणी विचारलं तर जिन्यावरून पडलो म्हणायचं. मला घरी सांगता येत नाही, कारण मीच हट्टाने इथे आले. कृपया हे वाचून काही तरी करा. करणार नसाल तर वाचू नका.’

मॅडमनी तो कागद उलटा ठेवला. वाचून तर झालं होतं.

‘मॉडेलवर रक्त नको.’ शब्द न् शब्द तोच. हे वाक्य नऊ वर्षांपूर्वी त्यांनी ऐकलं होतं, पहिल्या वर्षाला, डाव्या अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला असताना. आणि सात वर्षांपूर्वी हेच वाक्य त्या स्वतः म्हणाल्या होत्या. तिसऱ्या वर्षाला त्यांनाही दोन हात मिळाले होते. एक बोलताना अडखळणारा मुलगा. त्याला त्या मॉडेलच्या सगळ्या खोल्यांची नावं एका दमात म्हणायला लावायच्या, मैत्रिणी हसायच्या. आणि एक मुलगी, जी दुसऱ्या सत्रात कॉलेज सोडून गेली. नोंदीत ‘घरगुती अडचण’ असं आलं. त्या मॉडेलला पहिलं बक्षीस मिळालं. मॅडमनी कुणालाच काही विचारलं नाही; आपण काही वाईट केलं असं तेव्हा वाटलंही नाही. सगळे तेच करायचे. आत्ता स्टाफरूममध्ये चहा ढवळत बसलेल्या सहा जणांपैकी चौघे याच कॉलेजचे, आणि चौघांचेही हात होते. “आमच्या वेळी तर काय व्हायचं!” असं ते डोळे मिचकावून सांगायचे, एखादं पदक दाखवल्यासारखं.

*

बुधवारी सकाळी त्या फॉर्मचा गठ्ठा छातीशी धरून कंपास सरांच्या खोलीत गेल्या. आत मोठी ताई आधीच होती. पथक येईल तेव्हा दर्शनी भागात तिचं मॉडेल मांडायचं होतं, त्याचं काही चाललं होतं. मॉडेलचा विषय होता ‘घर नसलेल्या मुलांसाठी मायेचं वसतिगृह’. चार खोल्यांना एक अंगण, प्रत्येक अंगणात नखाएवढं एक झाड. ती झाडं कुणाच्या नखांनी चिमटून बसवली होती ते पाटीवर लिहिणार नव्हते.

“झाले ना फॉर्म?” सर म्हणाले. “छान. तक्ता करायला आता हिची मदत घ्या. हिच्याकडे देऊन टाका.”

“मी करते ना सर. फॉर्म माझ्याकडेच राहू देत.”

“मॅडम, मला काही त्रास नाही,” मोठी ताई गोड आवाजात म्हणाली. “तुम्हाला घरी बाळ आहे. तुम्ही कुठे बसणार रात्री तक्ते करत!”

“तेच तर,” सर म्हणाले. “आणि लपवायचंय काय? निनावीच आहेत.”

मॅडमनी मोठ्या ताईकडे पाहिलं. “जरा सरांशी बोलायचंय. पाचच मिनिटं.”

ती गेली, दार पूर्ण लावलं नाही. मॅडमनी उठून लावलं.

“सर, अक्षरावरून सगळ्यांना सगळे ओळखू येतात. हा आपल्या कॉलेजचा फॉर्म आहे, हाताने लिहिलेला.”

“छे हो! तुम्हीच सगळ्यांना एकच वळण लावलंय. मला तर सगळी सारखीच दिसतात.” सर हसले. ते गेली कित्येक वर्षं वर्गात गेले नव्हते, त्यामुळे त्यांना पोरंही सारखीच दिसायची. “बरं, आलंय का काही? सगळे नाहीच असतील.”

“चाळीस ‘नाही’ आहेत.”

“आणि?”

“एक ‘हो’ आहे.”

कंपास सरांनी हात पुढे केला. मॅडमनी फॉर्म दिला नाही, धरून दाखवला; तेवढ्यानेही सर वाचताना लाल होत गेले. मॅडमना क्षणभर वाटलं, माणूस हलला. हलला होता, पण भलतीकडेच.

“कुणाचं आहे हे अक्षर?”

“तुम्हीच म्हणालात, सगळी सारखी दिसतात.”

“मला दिसतात. तुम्हाला नाही. तुम्ही शिकवता. ओळखलंच असेल की!”

एका मिनिटात माणूस इतका गोल फिरू शकतो याचं मॅडमना नवल वाटलं नाही. किळस मात्र आली.

“नाही ओळखलं,” त्या म्हणाल्या.

“हे बघा, मी काही तिला खाणार नाहीये. की त्याला. मोठ्या ताईला सांगू, ती प्रेमाने समजूत घालेल. घरातलं घरात राहिलेलं बरं. तीन दिवसांवर पथक आलंय आणि एका कुणाच्या तरी हळवेपणापायी...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “उद्या चार वाजता स्टुडिओत बसू. समितीचे सगळे. एकेचाळीस फॉर्म आणा. मोजून घेईन मी. आणि मॅडम,” इथे आवाज मऊ झाला, “तुमचा करार मे महिन्यात आहे ना?”

“हो सर.”

“असू दे. सहज आठवलं.”

*

घरी लेकीला आंघोळ घालताना मॅडमनी सगळं नवऱ्याला सांगितलं. तो दारात टॉवेल घेऊन उभा होता. तो बँकेत कामाला होता आणि कागद हरवणं हा त्याच्या लेखी जगातला सगळ्यात मोठा गुन्हा होता.

“फॉर्म हरवला म्हण.”

“मग सर उरलेल्या चाळिसांची अक्षरं बघून कुणाचं नाही ते शोधतील. त्यांना जमलं नाही तर ती मोठी ताई शोधेल.”

“मग तू तुझ्या अक्षरात दुसरा लिही. सगळीकडे ‘नाही’ लिहून टाक.”

“म्हणजे एकेचाळीस ‘नाही’. म्हणजे पोरीने लिहिलंच नाही.”

“अगं, पण तू कशाला अंगावर घेतेस? तू थोडीच केलंस?”

मॅडम लेकीच्या डोक्यावर पाणी ओतत होत्या. लेकीने डोळे गच्च मिटून दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं होतं.

“केलंय,” त्या म्हणाल्या. “तुला कधी सांगितलं नाही.”

आणि सांगितलं. अडखळणारा मुलगा, निघून गेलेली मुलगी, पहिलं बक्षीस. नवऱ्याने लेकीला टॉवेलमध्ये गुंडाळून उचललं आणि इतकंच म्हणाला, “ती कुठे असेल आता?”

“माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. सात वर्षांत हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता, आणि विचारला कुणी, तर टॉवेल धरलेल्या माणसाने.

*

गुरुवारी सकाळी त्यांनी खिडकीजवळच्या मुलीला साहित्याच्या खोलीत बोलावलं. मॉडेलांच्या जाड माउंटबोर्डाच्या थप्प्यांमध्ये दोघींना जेमतेम उभं राहता येत होतं.

“हा तुझा आहे,” मॅडमनी फॉर्म पुढे केला.

मुलीने तो हातात घेतला नाही. तिच्या डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. “तुम्ही म्हणालात, कुणाला कळणार नाही.”

“हो.”

“तुम्हाला कळलं.”

“हो. हाताने लिहून घ्यायला नको होतं. माझी चूक.”

“आता?”

“सरांना हवाय. आज चार वाजता, मोठ्या ताईसमोर.”

मुलगी हसल्यासारखी झाली. “मग मी साडेतीनची गाडी पकडते.”

“नको. हा तू घे. फाड, ठेव, काय वाटेल ते कर. मागे एक नंबर लिहिलाय. विद्यापीठाच्या तक्रार कक्षाचा, कॉलेजचा नाही. तिथे पाठवलास तर तुझं नाव गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.”

“असं तुम्हीही म्हणाला होतात, मॅडम.”

मुलीने फॉर्म घेतला, चार घड्या केल्या, कंबरेच्या पट्टीत खोचला.

“आणि चार वाजता तुम्ही काय देणार? ते मोजतात.”

“माझा.”

“तुमचा? तुम्हाला काय त्रास झालाय?”

“झालेला त्रास नाही विचारायचा. दिलेला विचार.”

मुलीने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत आभार वगैरे काही नव्हते. “कळलं,” ती म्हणाली, आणि बाजूने अंग चोरून निघून गेली. तिचा तिरस्कार मॅडमनी निमूट घेतला. आठवडाभरात इतकं योग्य माप त्यांच्या पदरात दुसऱ्या कुणी घातलं नव्हतं.

दहाला तास होता. मॅडमनी फळ्यावर काहीही लिहिलं नाही. “सगळ्यांनी दोन्ही हात बोर्डावर ठेवा,” त्या म्हणाल्या. “पालथे. मग उलटे.”

“मॅडम, नखं बघणार?” मागून कुणी तरी म्हणालं. हशा झाला.

“बघणार.”

त्या रांगेतून फिरत गेल्या. पहिल्या बाकावरच्या गुबगुबीत मुलाच्या अंगठ्याला पट्टी.

“काय झालं?”

“जिन्यावरून पडलो.”

दोन बाकं सोडून दुसरी पट्टी. “तू?”

“जिना.”

“तुझं?”

“मॅडम, मी... दारात सापडला.”

“बोट चेंगरतं दारात. हे तर कापलंय.”

“दार तसलं होतं.”

पुन्हा हसू, पण आता थोडं कमी. पुढच्या मुलीने न विचारता सांगून टाकलं, “भाजी चिरताना लागलं.”

“हॉस्टेलला स्वयंपाक कधीपासून करायला लागलीस?”

मुलीने खाली पाहिलं. कुणी हसलं नाही. खिडकीजवळच्या मुलीपाशी मॅडम जितक्या थांबल्या तितक्याच इतरांपाशी थांबल्या, तिलाही “जिना?” असं विचारलं, तिनेही “जिना” म्हटलं. शेवटच्या बाकापर्यंत त्यांनी मोजलं. अकरा. अकराही डावे अंगठे. दमलेल्या माणसाच्या उजव्या हातातला कटर मोजपट्टीवरून घसरला की जिथे लागतो, तिथेच. हे या कॉलेजातल्या शिक्षकांना माहीत नव्हतं असं कुणी म्हणणार असेल, तर त्याने आधी त्यांचे अंगठे बघावेत.

पोरंही आता एकमेकांच्या बोर्डांवर बघत होती. ज्याला त्याला आजवर आपलाच अंगठा ठाऊक होता.

“झालं,” मॅडम म्हणाल्या. “हात खाली घ्या.”

दुपारी डबा न उघडता त्यांनी कोरा फॉर्म भरला. आपलं नाव सगळ्यात वर लिहिलं, ‘नाव लिहू नये’च्या बरोबर खाली. तुम्ही रॅगिंग पाहिले आहे का? हो. केव्हा? आज सकाळी, अकरा अंगठ्यांवर. पूर्वी? हो. तुम्ही कधी रॅगिंग केले आहे का, असा प्रश्न फॉर्मवर नव्हता. कंपास सरांना तो सुचलाच नसता. मॅडमनी समासात रेघ ओढून तो स्वतः घातला आणि उत्तरही लिहिलं. मग फॉर्मचा फोटो काढून विद्यापीठाच्या कक्षाला पाठवला. अर्ध्या मिनिटात नोंदणी क्रमांक आला, आणि लगेच लेकीच्या तापाची धास्ती वाटावी तशी धास्ती वाटली. करार, घराचा हप्ता, पाळणाघर, सगळं एका रांगेत डोळ्यांपुढून गेलं. पण पाठवलेलं परत येत नव्हतं, हे एक बरं होतं.

*

चार वाजता स्टुडिओत कंपास सर, पालक प्रतिनिधी आणि मोठी ताई वसतिगृहाच्या मॉडेलशेजारी टेबल लावून बसले होते. मोठ्या ताईने चार रंगांची पेनं काढून ठेवली होती.

सरांनी फॉर्म मोजले. एकेचाळीस. मग मोठ्या ताईने ते पत्त्यांसारखे भराभर चाळले. ती उत्तरं वाचत नव्हती, अक्षरं वाचत होती. ओठ हलके हलत होते, नावं घेत असावी. एका कागदाशी ती थबकली.

“सर, हा तर... मॅडमचा आहे.”

“मॅडमचा कसा असेल?”

“नाव आहे वर.”

सरांनी कागद ओढून घेतला. पालक प्रतिनिधीही वाकले. वाचता वाचता सरांचं बारीक डोकं आणखी बारीक झालं.

“मॅडम, हा फॉर्म निनावी होता!”

“हो. मी लिहिलं नाव.”

“लिहायचं नव्हतं! सूचना वाचली नाहीत का तुम्ही?”

“वाचली.”

“आणि हा तो नाही. काल दाखवलात तो कुठे आहे?”

“ज्याचा होता त्याला परत दिला.”

“म्हणजे ओळखलं होतंत!”

“काल खोटं बोलले मी. हो.”

मोठी ताई कागद पुन्हा वाचत होती. हसू अजून तसंच होतं, फक्त त्याच्यामागचं कुणी तरी उठून गेलं होतं. “मॅडम, तुमचेही हात होते?” तिने विचारलं. आवाजात बोच होती. पण खाली कुठे तरी खरंच विचारल्यासारखंही होतं.

“होते. दोन.”

“मग आम्हालाच का धरता?”

“तुला एकटीला नाही. माझं नाव सगळ्यात वर आहे, बघ.”

“सर, त्या मुलीचं म्हणणं खरं असेल तर तिने पुढे यावं ना!” मोठी ताई सरांकडे वळली. “असं लपून...”

“मुलीचं कशावरून?” मॅडमनी विचारलं. “मुलगी असं कोण म्हणालं?”

मोठी ताई एकदम उठून उभी राहिली. सरांनी टेबलावर हात आपटला. नखाएवढी झाडं थरथरली.

“कोण आहे ती? किंवा तो! मला नाव हवंय!”

“अंगठे अकरा आहेत, सर. त्यातला कुठलाही धरा. आणि हे मी इथे देण्याआधी विद्यापीठाला पाठवलंय.”

“वा,” पालक प्रतिनिधी म्हणाले. मग आपण काय म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं, आणि ते आपल्या फरश्यांकडे बघत बसले.

सर काही तरी बोलायला उठले. करारच असणार, दुसरं त्यांच्याकडे होतं काय. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. पाळणाघर असेल म्हणून त्यांनी झटक्यात घेतला. पाळणाघर नव्हतं. विद्यापीठाच्या कक्षातून एक बाई बोलत होत्या. आवाज कामाचा, कंटाळलेलाही नाही आणि कळवळ्याचाही नाही; टेबलापर्यंत ऐकू येईल इतका मात्र मोठा. त्या नोंदणी क्रमांक वाचत होत्या. मॅडम बाहेर जायला वळल्या, आणि मग गेल्याच नाहीत. तिथेच, टेबलापाशी उभ्या राहिल्या.

“हो, तक्रार मीच पाठवलीय. हो, बोलू शकते.”

“पीडित विद्यार्थ्यांची नावं द्यायची आहेत का?”

सर पुढे झुकले.

“मी नाही देणार. त्यांना द्यायची असतील तर ते देतील. तुम्ही इथे या आणि एकेकाला वेगळं भेटा. कॉलेजचं कुणी खोलीत नको.”

“लिहून घेतलं. आणि तुम्ही कोण म्हणून? साक्षीदार, की तुमच्याविरुद्धही...? इथे दोन्ही लिहिलंय तुम्ही.”

“दोन्ही.”

पलीकडे पेन थांबल्यासारखं वाटलं. मग बाई म्हणाल्या, “ठीक. मग तुमच्यापासूनच सुरू करू. कुठल्या वर्षीचं आहे?”

मोठी ताई उभी होती ती हळूच बसली. कंपास सर खुर्चीकडे परत गेले, पण बसले नाहीत. तिच्या पाठीला धरून नुसते उभे राहिले. मॅडमनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी तिसऱ्या वर्षाला होते,” त्या म्हणाल्या. “एक मुलगी होती. दुसऱ्या सत्रात ती गेली. आधी तिचं लिहा.”